फोटो कोनं पाह्यला?

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेथीच्या जुड्या बांधायचं.

सकाळची वेळ. मळ्यात विहिरीपाशी बसलो होतो. त्या दिवशी चांदूर रेल्वेचा बाजार होता. वच्छला पाय लांब करून बसलेली, मांडीवर केळीच्या सालीचे ओले बंद. मी मेथी उपटून आणायचो, मुठीत धरायचो, ती बांधायची. माझ्या मुठीकडे पाहून तिनं तोंड वाकडं केलं.

"अवो, मूठ लहान झाली का तुमची?"

"भाव उतरला हाये," मी म्हटलं.

"भाव उतरला म्हून मूठबी उतरली का? बोलनी तं मले खा लागतात. तुमी बसता तिकडं चाय पेत."

अन् माझ्या दोन जुड्या सोडून तिनं एकात बांधल्या. अशी होती ती. बाजारात बाया मेथी मागत नव्हत्या, वच्छलाबाईची जुडी मागायच्या.

मग तिला खोकला आला. खोकला रोजचाच होता, मी मान वर केली नाही. तिनं पदर तोंडाला लावला. काढला. पाहिला. मग माझ्यापुढं धरला. लाल.

"अवो," ती म्हणाली, "म्या तं आज पान खाल्लंच नाई."

हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं.

शेजारच्याची जीप काढली. अमरावतीला नेलं. वाटभर तिच्या तोंडातून रक्त येत होतं अन् मी माझ्या दुपट्ट्यानं पुसत होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. पडद्यावर पाहिला. मला बोलावलं.

"टीबी आहे. जुना आहे. फुफ्फुसाचा वरचा भाग खाऊन टाकलाय. आधी कधी फोटो काढला नाही?"

"काढला होता. अकोल्याले. साफ हाये म्हनले."

"साफ?"

एवढंच म्हणाली ती. पुन्हा पडद्याकडे पाहत राहिली. मलाही तपासून घ्या म्हणाली, एका घरात राहता, एका ताटात जेवता. पण मला तेव्हा ऐकू येत नव्हतं. वच्छला उन्हं उतरायच्या आत गेली.

टीबी. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आमच्या गावात एक जण त्या खाऊन बरा झाला, आता माझ्यापेक्षा जोरानं खोदतो. अशा रोगानं माझी बायको मेली. हे मला गिळता येत नाही. गिळायचंही नाही.

आता अकोल्याचं सांगतो. दवाखान्याचं नाव मी लिहिलं होतं. छापणारे म्हणाले, बाबा, एवढं खोडा, नाहीतर आम्हाला छापता येणार नाही. खोडलं. तोंडानं विचारा, कोणालाही सांगतो.

आमची पोरगी सुनंदा अकोल्यात दिली आहे. आईचा खोकला ऐकून तिनंच बोलावलं. म्हणाली, "बाबा, इथं मोठा दवाखाना झाला. फोटो मशीनच वाचते. डाक्टराची वाट पाहा लागत नाई, लगेच रिपोट." आम्ही गेलो. फोटोच्या खोलीपुढं ही रांग. पार जिन्यापर्यंत. सगळी आमच्यासारखीच माणसं, कोणी बाळापूरचं, कोणी पातूरचं. भिंतीवर मोठा कागद, त्यावर हसणारी बाई अन् तिच्या छातीत निळे दिवे. सुनंदानं वाचून दाखवलं, "कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या सेवेत."

वच्छलाचा नंबर आला. दाराला पडदा होता. मी बाकड्यावर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, गळ्यातलं काढा."

"काय काढू?"

"पोत. फोटोत येते."

"ते नाई निंगत. माहा मानूस थो पाहा बाहीर बसून हाये, जित्ता. अन् मी गळा उघडा करू?"

सगळी रांग हसली. मीही हसलो. बरं वाटलं मला. आमच्याकडे नवरा जिवंत असेपर्यंत बाई काळी पोत काढत नाही. तुटली तर मण्यांच्या जागी दोरा बांधते अन् ओवून आणेपर्यंत घास घेत नाही. तिच्या आईनं तेच केलं, माझ्या आईनं तेच केलं. त्या रांगेतल्या बायकांनीही तेच केलं असणार.

"बरं बरं, खांद्यावर सरकवा. श्वास घ्या. धरून ठेवा. झालं. चला, पुढचं कोण?"

झालं. एवढ्यात झालं.

थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर आला. हातात मोबाइल, नजर मोबाइलमध्ये. "छाती साफ आहे. सर्दीचा खोकला. बाटली लिहून देतो."

मी विचारलं, "तुमी पाह्यला का फोटो?"

"मशीननं पाहिला बाबा. ती माणसापेक्षा बारीक पाहते. घरी जा आरामात."

वच्छला खूश. बसस्टँडवर तिनं कचोरी मागितली. खाता खाता मला टोचत होती, "पाह्यलं? तुमीच माह्या मांगं लागले होते, बुढी मरते, बुढी मरते म्हून. मशीन म्हनते साफ हाये. आता मी तुमाले पोचवल्याशिवाय नाई जात."

पुढं खोकला वाढला. अंग वाळलं. चोळी ढिली झाली. मी म्हणायचो, चल दवाखान्यात. शेजारीण म्हणायची. सुनंदा फोनवर म्हणायची. तिचं एकच, "मशीननं पाह्यलं ना बाप्पा. पुना पुना काय दाखवा लागते?" त्या एका 'साफ'नं आमच्या घराचं दार लावून घेतलं. रोग आत, आम्ही आत.

तेरवी झाली अन् मी अकोल्याला गेलो. मला भांडायचं नव्हतं. एक विचारायचं होतं. तिचा फोटो कोणी पाहिला? माणूस मेलं की माणूस विचारतो ना, शेवटी कोण होतं जवळ, कोणी पाणी पाजलं? तसंच मला वाटत होतं. कोणीतरी पाहिलं असणार. त्याचं तोंड पाहावं.

मला खिडकीवरून खिडकीवर फिरवलं. शेवटी सुनंदानं रडून-ओरडून मोठ्या साहेबाच्या केबिनीत जायला मिळवलं. हा साहेब डॉक्टर नाही. दवाखाना चालवणारा. काचेची केबिन, गार हवा. बाजूला एक बाई लॅपटॉप घेऊन. मला बसा म्हणाले नाहीत. खुर्ची होती.

"वच्छलाचा फोटो कोनं पाह्यला?"

"सिस्टीमनं."

"नाव काय त्याचं?"

साहेब हसला. बाजूची बाई हसली. काचेबाहेर कोणी उभं होतं, तेही हसलं.

"बाबा, सिस्टीम म्हणजे माणूस नसतो."

मला माहीत होतं. मी चौथी शिकलो, येडा नाही. मोटारपंप पाणी ओढतो म्हणून बटन कोणी दाबलं हे विचारायचं नाही का? मी तेच म्हटलं. "मशीन लावली कोनं? ते साफ म्हनते ते खरं का खोटं, पाह्यते कोन? त्या मानसाचं नाव सांगा."

"एआय शिकायला आलात का या वयात? कितवी झालीये तुमची?"

पुन्हा हसले. सुनंदानं माझा सदरा मागून ओढला. "बाबा, चाला."

मग त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. वच्छलाचा फोटो. हाडं. गळ्याच्या हाडाखाली एका बाजूला पांढरा गुच्छ. पोतीचे मणी. खांद्यावरून घसरून तिथं गोळा झालेले.

"हे दिसतंय? माळ. टेक्निशियननं काढायला सांगितली होती. तुमच्या मिसेसनं नाही काढली. रोग बरोबर तिच्याखाली होता. ना मशीनची चूक, ना आमची. तुमच्या लोकांना कितीही सांगा." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "नवरा बाहेर जिवंत बसलाय म्हणे. झालं समाधान?"

मी त्या मण्यांकडे पाहत होतो.

दारावरच्या गार्डनं येऊन माझा दंड धरला. म्हणाला, "चाला बाबाजी." मोठ्यानं नाही म्हणाला. त्यालाही लाज वाटत होती बहुतेक. जिन्यापर्यंत दंड सोडला नाही. फोटोच्या रांगेतली माणसं पाहत होती. म्हातारा चोरी करताना सापडला, असं पाहत होती.

घरी आलो. डोक्यात एकच. मी जिवंत होतो म्हणून ती मेली. मी आधी मेलो असतो तर तिचा गळा मोकळा असता, फोटोत सगळं दिसलं असतं, तिला गोळ्या मिळाल्या असत्या. बाकड्यावर बसून मी हसलो होतो. ताटावर बसलो की हे आठवायचं. ताट सरकवून द्यायचो. मळ्यात वांगी सडली, सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर गेला, मी तोडायला गेलो नाही. सुनंदा आठ दिवस येऊन राहिली. तिला वाटलं बाप दुःखानं चाललाय. दुःख होतंच. पण त्याच्यावर हे बसलं होतं. हे त्या साहेबानं दिलं होतं मला. हातात देऊन दार दाखवलं होतं.

अशात एक मॅडम आली. अमरावतीच्या कॉलेजात शिकवते. सुनंदानं कुठं कुठं अर्ज केले होते, त्यातून तिला आमचं कळलं. स्कूटीवर आली, तोंडाला ओढणी. ओट्यावर खालीच बसली. ते मला आवडलं.

"काकाजी, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे आता अशा मशिनी निर्णय घेतात. त्या कशा ठरवतात, ते लोकांना कळतं का? चुकलं तर उत्तर कोण देतं? यावर माझं संशोधन आहे."

"मंग बरं झालं आली," मी म्हटलं. "उत्तर कोन देते?"

ती हसली नाही. म्हणाली, "अजून तरी कोणी देत नाही. म्हणूनच शोधतेय."

मी तिला सगळं सांगितलं. पोतीचंही. सांगताना मान खाली गेली माझी. तिनं सगळं ऐकून घेतलं. चहा निवला तिचा. मग मी एक विचारलं, जे मी साहेबाला विचारायला पाहिजे होतं पण तेव्हा सुचलं नाही.

"बाई, थे मशीन मानसापेक्षा बारीक पाह्यते म्हनतात. मंग तिले एवढी जाड पोत दिसली नाई का?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "थांबा काकाजी," म्हणाली. "मला बघू द्या."

अकोल्याच्या त्याच दवाखान्यानं तिला संशोधनासाठी मशीन आतून पाहायला दिली होती. ती महिनाभरानं परत आली. या वेळी ओढणी सोडली नाही, बसलीही नाही आधी. मी म्हटलं, बोल.

"दिसली होती," ती म्हणाली.

"काय?"

"मशीनला पोत दिसली होती. फोटो नीट नसला की ती तसं सांगते. त्या दिवशीही सांगितलं होतं. फोटो वाचण्यासारखा नाही, वरचा भाग झाकलाय, पुन्हा काढा. आत नोंद आहे. पण टेक्निशियनला ते दिसलंच नाही, डॉक्टरलाही नाही. त्यांच्याकडे फक्त 'साफ' पोचलं."

"कावून?"

"ती सूचना बंद करून ठेवलीये तिथं. आपल्याकडे कितीतरी बायका पोत काढत नाहीत. सारखी सूचना यायची, सारखे फोटो पुन्हा काढावे लागायचे. रांग अडायची. दिवसाला इतके फोटो झाले पाहिजेत असं वरून ठरलेलं. म्हणून कोणीतरी ती बंद केली. झाकलेला भाग सोडून जे दिसतं तेवढं पाहायचं अन् साफ म्हणायचं, असं लावून दिलं."

मी खाली बसलो.

मशीन खरं बोलली होती. तिचं तोंड बांधलं होतं माणसांनी. अन् तो साहेब, तो माळ दाखवत होता मला बोटानं! त्याला माहीत होतं. समोर माझी बायको हाडं होऊन पडद्यावर अन् हा माणूस मला सांगतोय, तू जिवंत होतास म्हणून.

किती महिन्यांनी मला भूक लागली. खरं सांगतो. रागानं भूक लागली.

"कोनं बंद केली?"

मॅडमनं खाली पाहिलं. "ते सांगता येत नाही मला. नावं बाहेर नेणार नाही, अशी सही करून दिलीये. सही केली म्हणून तर आत जाऊ दिलं."

"तुले माईत हाये."

"हो."

"तू खुलं करा, खुलं करा म्हनून लिवते अन् नाव झाकते. मंग तू काय तपासून राहिली वं बाई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया नाही आली. हेही सांगू नको असं तिला सांगितलेलं होतं अन् तरी तिनं एवढं सांगितलं, हे मी मानतो. पण अर्धं सत्य घेऊन मी काय करू? त्यानं अंगणही सारवता येत नाही.

ती म्हणाली, अमरावतीत परिषद आहे. मोठमोठे येणार. याच विषयावर. तुम्ही या. तुम्ही बोलावं म्हणून मी भांडून वेळ घेतली आहे.

गेलो. सुनंदा आली सोबत. धुतलेलं धोतर, टोपी. मोठा हॉल, गाद्यांच्या खुर्च्या. मला पहिल्या ओळीत बसवलं, छातीला फूल लावलं. व्यासपीठावर कोण? तोच साहेब. अकोल्याचा. त्याला मी ओळखलं, त्यानं मला ओळखलं नाही. टोपीतले म्हातारे त्याला सारखेच दिसत असतील.

तो बोलायला उठला. पारदर्शकता, म्हणाला. उत्तरदायित्व, म्हणाला. आमच्या संस्थेनं संशोधकांना दारं उघडून दिली, म्हणाला. टाळ्या. मागच्या भिंतीवर चित्रं येत होती. त्यात एक चित्र आलं. वच्छलाचा फोटो. भिंतीएवढा. वरचं नाव काळं केलेलं. खाली लिहिलं होतं, सुनंदानं कानात वाचून दाखवलं, "घटना तीन. दागिन्यामुळे झालेली चूक."

जी बाई माझ्यासमोर कधी पदर ढळू देत नव्हती, तिची छाती सगळ्या हॉलनं पाहिली. नाव काय ते झाकलं. वा रे खुलेपणा.

अन् तरी लिहिलं होतं, दागिन्यामुळे.

साहेबाचं भाषण झाल्यावर आयोजक म्हणाले, आज आपल्यात एक पीडित रुग्णाचे नातेवाईकही आहेत, त्यांचा सत्कार साहेबांच्या हस्ते. शाल आणली. नारळ आणला. मला हाताला धरून वर नेलं. बोलायची वेळ देतो म्हणाले होते, शाल देत होते. साहेबानं शाल उघडली. माझ्या खांद्यावर टाकणार, तेवढ्यात मी मागं सरलो.

"थांबा," मी म्हटलं. माईक समोरच होता. "मी वच्छलाचा मानूस हाये. थे भितीवर होती ना आता, घटना तीन, तिचा."

शाल त्याच्या हातात तशीच राहिली. आता त्यानं मला ओळखलं.

"मले शाल नोको. नाव सांगा. मशीन म्हने, फोटो पुना काढा. तिचं तोंड कोनं बंद केलं?"

आयोजक हसत पुढं आला. "बाबा, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत हं." माईकवर हात ठेवला. कोणीतरी माईक बंदच केला. मागून खुसखुस ऐकू आली.

माईक बंद करून माझं काय होणार होतं? मी जन्मभर चांदूरच्या बाजारात ओरडून मेथी विकली. रेल्वे जात असली तरी माझा आवाज पलीकडच्या गिऱ्हाईकाला जातो.

"तिचं नाव वच्छला!" मी ओरडलो. "पोत तिनं नाई काढली. काढनारबी नव्हती. मशीनले ते समजलं, तिनं सांगतलं. तुमी दाबलं. कोनं दाबलं ते सांगा, मंग मी खाली उतरतो."

खुसखुस थांबली. मी मॅडमकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीत होती. तिनं मान वर केली, ओठ हलले, अन् पुन्हा मान खाली घातली. तिची नोकरी, तिची सही. असू दे. मी ते विसरणार नाही.

साहेब सांभाळून बोलला. आता हसत नव्हता. "बाबा, तो कोणा एकाचा निर्णय नव्हता. रांग अडत होती, पेशंटचेच हाल होत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं."

म्हणजे ठरवलं होतं. सगळ्यांच्या समोर त्याच्या तोंडून निघालं. भिंतीवर अजून दागिन्यामुळे असं लिहिलेलंच होतं.

"सगळे म्हंजे कोन?" मी विचारलं. "एकेक जन उभे राहा. मले तोंडं पाहू द्या."

कोणी उभं राहिलं नाही. एवढा मोठा हॉल. खुर्च्या वाजल्या नाहीत. सुनंदा एकटी उभी होती, पदर तोंडात धरून.

मी फूल काढलं, टेबलावर ठेवलं. खाली उतरलो. मॅडम दारापर्यंत मागं आली. "काकाजी, मला माफ करा."

"नाई," मी म्हटलं. "तू नाव सांगशील तवा माफी माग."

घरी येताना बसमध्ये सुनंदा म्हणाली, "बाबा, झालं ना आता? बोलले तुमी. सोडा." मला माफी नको. भरपाई नको. मला तो माणूस पाहिजे, ज्यानं बटन दाबलं. तो रोज जेवतो, पोरांना शाळेत सोडतो, त्याला वाटतं त्यानं कोणाला मारलं नाही, फक्त रांग सरळ केली. त्याचा घास मला अडवायचा आहे. तो आमच्यातून जाताना लोकांनी बोट दाखवलं पाहिजे, हा. हाच तो. जसं त्यांनी माझ्या बायकोच्या पोतीकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी अकोल्याला गेलो. सुनंदाला सांगितलं नाही.

दवाखान्यात चिठ्ठी काढली. त्यात काही खोटं नव्हतं. बायको टीबीनं गेली, मला तपासून घ्यायला अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. रांगेत लागलो. तीच रांग, जिन्यापर्यंत. माझा नंबर आला. आवाजावरून ओळखलं, तोच टेक्निशियन.

"बाबा, सदरा काढा. छाती लावा. हनुवटी वर."

सदरा काढला. छाती लावली. प्लेट थंडगार.

"श्वास घ्या."

"घेत नाई. आधी सांग, हा फोटो कोन पाह्यते?"

"मशीन पाहते."

"मशीनच्या मांगं कोन? तिनं म्हटलं, पुना काढा, तं आयकनारा कोन? नाव सांग."

"बाबा, मागं रांग आहे हो!"

"माईत हाये. म्हून तं आलो."

तो मला हात लावायला आला, मी प्लेटीच्या बाजूचा पाइप घट्ट धरला. मळ्यातला हात आहे, लवकर सुटत नाही. बाहेरून एक बाई ओरडली, "अवो बुढेबुवा, निंगा ना! माहं लेकरू घरी उपाशी हाये!" मी तिथूनच, प्लेटीला चिकटून, बाजाराच्या आवाजात सगळं सांगितलं. वच्छलाचं. दाबलेल्या सूचनेचं. सगळ्यांनी मिळून ठरवल्याचं. पडद्यापलीकडे आधी गलका होता. मग कमी झाला. मग नाहीच.

पडदा सरकला. तीच लेकरूवाली बाई आत आली. माझ्याकडे पाहिलं नाही, टेक्निशियनकडे पाहिलं.

"माह्याबी फोटोचं सांगा मंग," ती म्हणाली. "कोन पाह्यते?"

तिच्यामागं एक म्हातारी येऊन दारात उभी राहिली. तिच्यामागं आणखी कोणी. गार्ड आला, तोच, अन् दारापाशीच थांबला. टेक्निशियननं फोन लावला. आवाज बारीक केला तरी ऐकू येत होतं. "साहेब, एक बाबा प्लेटीपासून हटत नाहीये. सगळेच थांबलेत. काय करू?"

"त्याले म्हना, वच्छलाचा मानूस आला हाये," मी म्हटलं. "नाव घेऊन ये म्हना. तोवरी इथं कोनाचाच फोटो निंगत नाई."

अन् हनुवटी प्लेटीवर टेकवून उभा राहिलो.